वजनकाट्यावरचा पायलट

ज्या माणसानं मला सायकल शिकवली, गाडी शिकवली, माझ्या लग्नात वडिलांच्या जागी उभा राहिला, त्याला मी भर वॉर्डात आठ पेशंटांदेखत म्हणाले, "खोटारडा आहेस तू!" आणि 'तू' म्हणाले. जन्मात कधी काकांना अरे-तुरे केलं नव्हतं. समोरच्या खाटेवरच्या माणसाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

मी शहरात बस चालवते. आवाज मोठा, म्हणून घरात मला भोंगा म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी जुनी खोड, आणि पुष्कळदा मी नंतर माफीही मागते. पण त्या दिवशी जिन्यावरून उतरताना माफीबिफी डोक्यात नव्हती. पुढचं सांगायच्या आधी काका कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच शिव्या घालाल.

शहराबाहेर ट्रक उभे करायचं मोठं आवार आहे. तिथं फाटकापाशी वजनकाटा आहे, म्हणजे जमिनीत बसवलेली एक लांबरुंद लोखंडी फळी. ट्रक तिच्यावर उभा करायचा, की बाजूच्या केबिनमध्ये त्याचं वजन कळतं. त्या केबिनमध्ये काका सत्तावीस वर्षं बसले. एक खुर्ची, एक खिडकी, उन्हानं पांढरी पडलेली जाड वही. सगळे त्यांना काटेकाका म्हणायचे. मला त्यातलं अर्धंच पुरायचं.

काट्यावर सगळीकडे एक पद्धत असते. रिकाम्या ट्रकचं वजन गाडीच्या कागदावर छापलेलं असतं, ते भरलेल्या वजनातून वजा केलं की मालाचं वजन निघालं. एकदाच काट्यावर चढायचं, काम झालं. काका हे चालू द्यायचे नाहीत. आधी रिकामी गाडी चढवा, मग माल भरून पुन्हा चढवा. ड्रायव्हर वैतागायचे. "साहेब, कागदावर लिहिलंय की हो!" काका मान वर न करता म्हणायचे, "कागद राहू दे. गाडी काट्यावर घे." लोक म्हणायचे, म्हातारा नाकावर माशी बसू देत नाही. मलाही ते तऱ्हेवाईकच वाटायचं. एकदा मी चेष्टेत म्हणाले, "काका, देवानं तुम्हाला वर बोलावलं तर त्यालाही म्हणाल, आधी काट्यावर ये." ते हसले नव्हते.

तर हा माणूस आधी सैन्यात हेलिकॉप्टरचा पायलट होता. आवारातल्या दहा जणांनासुद्धा हे ठाऊक नसेल. युद्धात शौर्याचं पदक मिळालं होतं, ते खोलीतल्या ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांबरोबर पडलेलं असायचं. युद्ध संपल्यावर वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा कधी उडवलं नाही. का, असं मी विचारलं की म्हणायचे, "झालं की उडवून."

आमच्या घरी ते आले ते माझ्या दादामुळे. माझा दादा सैन्यात शिपाई होता. बावीस वर्षांचा. मी तेव्हा नऊ वर्षांची, म्हणजे आमच्यात तेरा वर्षांचं अंतर. वडील मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे दादाच माझा बाप. त्या युद्धात तो एका डोंगरमाथ्यावरच्या चौकीत होता आणि तिथंच गेला. घरी एक पत्र आलं, ते आईनं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. त्यात लिहिलं होतं, की जखमी असूनही त्यानं हेलिकॉप्टरमधली आपली जागा स्वतःहून सहकाऱ्यांना दिली, आणि हेलिकॉप्टर परत येईपर्यंत त्याचा प्राण गेला. ते वाक्य मला पाठ होतं. शाळेत म्हणायला लावायचे. मी छाती पुढे काढून म्हणायचे आणि बाई डोळे पुसायच्या.

ज्याचं हेलिकॉप्टर परत आलं, तो पायलट म्हणजे काका.

वर्षानं, त्याच तारखेला, ते दारात येऊन उभे राहिले. मग दर वर्षी त्या तारखेला यायचे, आई वाढायची, ते जेवायचे आणि जायचे. चारेक वर्षांनी त्यांनी आमच्याच शहरात ही काट्याची नोकरी धरली. मग दर रविवारी यायला लागले. लग्न केलं नाही. नळ गळतोय, शिलाई मशीन अडतंय, माझं गणित अडतंय, काका हजर. मी बस चालवायचा परवाना काढायला गेले तेव्हा तिथला माणूस हसला होता. काका त्याला म्हणाले, "हिला मी शिकवलंय. हसायचं असेल तर आधी हिच्याबरोबर एक फेरी मार." तो गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

युद्धात त्यांनी काय केलं ते मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या जोडीच्या पायलटकडून कळलं. तो माझ्या लग्नाला आला होता. एकोणीस दिवसांत एकेचाळीस फेऱ्या मारल्या म्हणाला. चौकीवर दगड रचून केलेली, दोन खोल्यांएवढी सपाटी, तिथं उतरायचं. खालच्या दरीतून मारा चालू. आणि दादाच्या दिवशी दुसऱ्या फेरीला तळावरून साफ नकार आला होता, ढग खाली आलेत, मारा वाढलाय, जायचं नाही. काका वायरलेस बंद करून एकटे गेले. शेपटीला भोक पडलेलं, इंधन संपत आल्याचा दिवा लागलेला, तशी ती मशीन परत आणली. "असला वेडा माणूस पाहिला नाही," तो म्हणाला. मी त्या दिवशी काकांना मंडपातच वाकून नमस्कार केला. ते इतके अवघडले की बूट घालायचं निमित्त करून बाहेरच निघून गेले.

आता या वर्षीची गोष्ट. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वय सहासष्ट. राहायला केबिनमागची एक खोली, वर जायला लोखंडी जिना. डॉक्टर म्हणाले, दोन महिने जिना बंद. मी म्हटलं, त्यात विचार कसला करायचा? घरी न्यायचं, आणि दोन महिन्यांसाठी नाही, कायमचं. नवरा म्हणाला, बरं होईल, तुला ओरडायला हक्काचं माणूस मिळेल. दादाची खोली इतकी वर्षं आम्ही नुसती झाडायचो, ती मी रिकामी केली. खाट टाकली. आई पडदा शिवायला बसली. आईनं उभा जन्म शाळेचे गणवेश शिवले, अठ्ठ्याहत्तरीतही तिचा टाका वाकडा जात नाही.

सोडायच्या दिवशी दुपारी मी त्यांना हॉस्पिटलमधून आणायला गेले. सुट्टीचे कागद तयार होते. काका खाटेच्या कडेला बसले होते, दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडीही लावलेली.

"चला," मी म्हणाले, "स्वारी तयार दिसतेय."

"बस जरा," ते म्हणाले. "मी तुमच्या घरी राहायला येईन की नाही, ते तू ऐकल्यावर ठरव. त्या खोलीत निजायचं तर तुला माहीत असलं पाहिजे."

मला वाटलं, भीड पडलीय. म्हटलं, "भीड भिकेची बहीण, काका. उठा."

"तुझ्या दादानं जागा दिली नव्हती," ते म्हणाले. "ते वाक्य मी लिहिलं."

मी बसले.

मग त्यांनी सांगितलं. खाली फरशीकडे बघत, आवाज न चढवता, वहीतलं वाचून दाखवावं तसं. चौकीवर तिघं जखमी होते. त्या उंचीवर हवा विरळ, पंख्याला धरायला काही नसतं, म्हणून एकेक किलो मोजूनच उचलावा लागतो. नेहमी दोघांनाच आणायचे. काकांनी ठरवलं, तिघांनाही न्यायचं. दारं काढली, मागची सीट काढली, हत्यारांची पेटी उतरवली, स्वतःचं जाकीट उतरवलं. जोडीच्या पायलटला म्हणाले, तू तळावरच थांब, मी एकटा जातो. इंधन तळापर्यंत पुरेल एवढंच. इतकं सगळं करून एकशे नव्वद किलो उचलता येतील असा हिशोब निघाला. चौकीवरच्या माणसानं रजिस्टर उघडून तिघांची वजनं वाचली. एकसष्ट, अठ्ठावन्न, आणि दादा अठ्ठ्याहत्तर.

"एकशे सत्त्याण्णव," काका म्हणाले. "सात किलो जास्त."

"सात किलोंनी काय होतं हो?" माझा आवाज चिरकला.

"आदल्या दिवशी माझा मित्र त्याच सपाटीवरून थोडं जास्त वजन घेऊन उडाला होता. कडेपर्यंत गेला आणि खाली गेला. पाच माणसं. मी तळावरून निघालो तेव्हा ती मशीन खाली दरीत अजून धुमसत होती."

दादा तोपर्यंत आत चढवलेला होता. पोटाला लागलं होतं, पण शुद्धीवर होता, बोलत होता. बाकीचे दोघं बेशुद्ध. जो बोलतोय तो तग धरेल, असं काकांनी धरलं. त्याला उतरायला सांगितलं.

"मग? तो काय म्हणाला?"

मला पुन्हा विचारावं लागलं.

"मला सोडून जाऊ नका म्हणाला. साहेब, मला न्या, मला घरी जायचंय म्हणाला. दाराच्या दांडीला धरून बसला होता. मी त्याची बोटं सोडवली. मी स्वतः. चाळीस मिनिटांत येतो म्हणालो. एक तास पन्नास मिनिटं लागली."

त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"परत गेलो तेव्हा तो वीस मिनिटांपूर्वी गेला होता. मशीनमध्ये ठेवायला मी त्याला उचलला. आणि उचलल्याबरोबर कळलं. रजिस्टरमधलं वजन भरतीच्या वेळचं होतं. पाच महिने त्या उंचीवर. भूक लागत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. वरून जाडजूड कपडे, सगळे सारखेच दिसतात. तो साठ-बासष्टच्या वर नव्हता. तिघंही वाळलेले असणार." ते थांबले. "सहज आला असता तो. वर दहा-वीस किलो उरले असते. आमची पद्धत होती, लिहिलेलं वजन धरायचं. एकदा उचलून बघितलं असतं मी, तर."

माझा दादा, मला घरी जायचंय म्हणणारा, आणि त्याची बोटं सोडवणारे हे हात. याच हातांनी माझी सायकल मागून धरली होती! आणि मी एकतीस वर्षं ते खोटं वाक्य शाळेत, लग्नात, बसमध्ये शेजारच्या माणसाला ऐकवत आले. तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच मी त्यांना खोटारडा म्हणाले. आणखीही बोलले. आमच्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हणाले. ते एवढंच म्हणाले, "बरं." मी चालायला लागले.

बस चालवणारी बाई मी, पण त्या दिवशी घरापर्यंत चालत गेले. गाडी हॉस्पिटलच्या दारातच राहिली, ते नंतर आठवलं. वाटभर एकच भीती. आईला हे कळलं तर ती मरेल. आणि नाही सांगितलं तर तो माणूस आईच्या हातचं जेवत बसेल. सांगायचं की नाही, हे शेवटच्या वळणापर्यंत ठरत नव्हतं.

आई पडद्याची दुमड घालत होती. मला एकटीला बघून म्हणाली, "पायलट कुठाय?" ती त्यांना पायलटच म्हणायची.

"येणार नाहीत. मी नको म्हणाले."

आईनं मशीन थांबवलं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सांगितलं वाटतं त्यानं."

"तुला माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ते पत्र? जागा दिली ते?"

"अगं, माझा मुलगा मला माहीत नाही? काटा टोचला तर गल्ली गोळा करायचा. निजताना शेजारी कुणीतरी लागायचं. तो म्हणे जागा देतोय! मी पत्र वाचलं तेव्हाच म्हटलं, हे माझ्या पोराबद्दल नाही, दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. वर्षानं हा दारात आला. मी त्याला आतसुद्धा घेतलं नाही. उंबऱ्यावरच विचारलं, खरं सांग, तो स्वतःहून उतरला? नाही म्हणाला. सगळं सांगितलं. ते बोटांचंसुद्धा."

"आणि तू त्याला जेवायला वाढलंस?"

"शिक्षा दिली," आई म्हणाली. "म्हटलं, दर वर्षी या तारखेला यायचं. माझ्यासमोर बसायचं आणि माझ्या हातचं जेवायचं. बघते मी, घास कसा उतरतो तुझ्या घशाखाली. उतरायचा नाही त्याच्या. पाणी पीत पीत गिळायचा. मी समोर बसून बघायची. बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू?"

ही माझी आई! रस्त्यातल्या कुत्र्यालाही हाड म्हणायची नाही ती.

"चौथ्या वर्षी आलाच नाही. ताप होता, नंतर कळलं. मी सकाळपासून दारात. दिवस कलायला लागला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. वाटलं, हाही गेला की काय कुठं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पुढच्या आठवड्यात पत्र घातलं, इकडेच नोकरी बघ म्हणून."

"म्हणजे माफ केलंस."

"कुठं केलंय?" आई फटकन म्हणाली. "अजून नाही जमलं. पण माफ नाही केलं म्हणून माणूस परका होतो का? तुझ्या नवऱ्याला तू रोज माफ करतेस?" तिनं चष्मा काढला. "मला एक विचारायचंय त्याला. तीस वर्षं धीर झाला नाही. चप्पल दे माझी."

आम्ही रिक्षानं गेलो. काका तसेच बसले होते, बॅग मांडीवर घेऊन. एका वृद्धाश्रमात फोन करून झाला होता. आईला बघून ते उठायला गेले, उठता येईना.

आई खाटेवर त्यांच्या शेजारी बसली. खाटेच्या डोक्याशी लोखंडी दांडी होती, ती तिनं उजव्या हातानं गच्च धरली. म्हणाली, "पायलट, माझी बोटं सोडव. तशीच. मला बघायचंय किती वेळ लागला."

"आई, काय चाललंय!" मी म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

काकांनी हात मागे घेतला. "नको," ते म्हणाले. "एवढं नका सांगू."

"मी रोज बघते ते. निजायला गेले की बघते. तो धरून बसलाय आणि तू ओढतोयस, ओढतोयस. संपतच नाही ते. एकदा मला खरं बघू दे."

मला वाटलं, काका आता रडतील नाहीतर ओरडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. हात पुढे केला, करंगळीखाली अंगठा घातला आणि ती वर उचलली. मग दुसरं बोट. मग उरलेली दोन एकदम. आईचा हात मोकळा झाला. मी श्वास घेऊन सोडलाही नव्हता.

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

"तो भांडला नाही?"

"नाही. हातात जोरच नव्हता त्याच्या."

तीस वर्षं आई ज्याला ओढाताण समजत होती, ती झालीच नव्हती. मग तिच्या घशातून एक आवाज आला, मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. पत्र आलं तेव्हा ती रडली नव्हती. दादाची पेटी घरी आली तेव्हा रडली नव्हती, लोक म्हणायचे बाई दगडाची आहे. ती काकांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली, आणि काका, ते पहिल्यांदा रडले की नेहमी एकटे रडत होते कोण जाणे, तेही रडत होते. मी दोघांच्या पायाशी खाली फरशीवर बसले होते. मी कधी बसले ते मला कळलं नाही. काकांचा पाय मी दोन्ही हातांनी धरला होता, ऑपरेशनचा नव्हे, दुसरा.

तेवढ्यात नर्स आली. बेड रिकामा करायचाय म्हणाली, बाहेर पेशंट खोळंबलाय.

"थांबा हो जरा," मी म्हणाले. "आमच्या घरातलं माणूस गेलंय."

ती चपापली. हातातले कागद तिनं मागे घेतले आणि आवाज खाली आणून विचारलं, "अगं बाई! कधी?"

एकतीस वर्षांपूर्वी की आत्ता, मला काही केल्या सांगता येईना.